हिटलर सोडून बोला!

चला, एक छोटासा गेम खेळू. डोळे मिटा आणि पाच सेकंदांत जर्मनीच्या इतिहासातल्या एका माणसाचं नाव घ्या.

घेतलंत? सायन्सवाल्यांनी आइनस्टाइन म्हटलं असेल, युनियनवाल्या काकांच्या घरात वाढलेल्यांनी मार्क्स. पण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जो चेहरा आला, त्याला छोटीशी चौकोनी मिशी आहे. बरोबर ना?

त्यात तुमचा दोष नाही. पिक्चर, चॅनेल्स, जोक्स, सगळीकडे तोच. मला खटकतं ते नाव आठवल्यानंतरचं वाक्य. 'बाकी काही म्हणा, पण माणूस डिसिप्लिनचा होता.' 'रस्ते बांधले यार त्याने.' आणि शेवटी आपला ऑल टाइम फेव्हरिट डायलॉग : 'आपल्याकडे असाच एक पाहिजे, म्हणजे सगळे सरळ होतील!' हे मी कॅन्टीनमध्ये ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय. एकदा तर एका लीडरशिप ट्रेनिंगमध्ये थेट स्लाइडवर पाहिलंय. 'ग्रेट कम्युनिकेटर्स' अशी हेडिंग आणि खाली साहेबांचा फोटो. समोरचे तीसेक इंजिनिअर्स मन लावून नोट्स काढत होते.

२००६ मध्ये तर नवी मुंबईत त्याच्या नावाचं रेस्टॉरंटच निघालं होतं. इथल्या ज्यू समाजाने विरोध केला, बातमी जगभर गेली, तेव्हा कुठे नाव बदललं. आणि फूटपाथवरच्या पायरेटेड पुस्तकांच्या ढिगात, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट आणि शेअर मार्केट यांच्या मधोमध, त्याचं आत्मचरित्र वर्षानुवर्षं दिसत आलंय.

म्हणून या आठवड्याचा फंडा सिंपल आहे. हिटलर सोडून बोला! जर्मनीत अशी माणसं होऊन गेली, ज्यांच्यामुळे तुमचा-माझा आजचा दिवस आहे तसा आहे. काही सॉलिड, काही खतरनाक, काही एकाच वेळी दोन्ही. आधी त्यांना भेटू. मिशीवाल्याकडे नंतर येऊ, कारण हिशेब तर त्याचाही करायचाय.

स्टार्ट-अपवाला गुटेनबर्ग

माइन्त्स नावाचं ऱ्हाइन नदीकाठचं गाव. १४५० च्या आसपास योहान्स गुटेनबर्ग नावाचा गृहस्थ तिथे एक सीक्रेट प्रोजेक्ट करत होता. धातूचे सुटे खिळे, तेलाची शाई आणि द्राक्षं पिळायच्या यंत्राच्या धर्तीवरचा दाबयंत्राचा सांगाडा. सुटे टाइप कोरिया आणि चीनमध्ये आधीपासून होते. पण एकसारखे हजारो खिळे भराभर ओतायचे, जुळवायचे, छापायचे आणि मोडून पुन्हा वापरायचे, ही आख्खी असेंब्ली लाइन त्याने बसवली.

पैसा लागला. योहान फुस्ट नावाच्या फायनान्सरने दोन हप्त्यांत १६०० गिल्डर दिले. १४५५ च्या सुमारास बायबलच्या साधारण १८० प्रती तयार झाल्या, आणि नेमक्या त्याच वर्षी फुस्टने व्याजासकट पैशांसाठी कोर्टात खेचलं. गुटेनबर्ग हरला. यंत्रं गेली, छापलेला माल गेला आणि त्याचाच माणूस पेटर शोफर फुस्टचा पार्टनर झाला! इन्व्हेस्टरने फाउंडरला बाहेर काढण्याची गोष्ट साडेपाचशे वर्षं जुनी आहे, बॉस. म्हातारपणी बिशपने त्याला वर्षाचं धान्य, वाइन आणि कपडे लावून दिले, एवढंच काय ते सुख. १४६८ मध्ये तो गेला.

पण यंत्र थांबलं नाही. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर नावाच्या संन्यासी प्रोफेसरने चर्चच्या पापमुक्तीच्या धंद्याविरुद्ध ९५ मुद्दे लिहिले, आणि छापखान्यांमुळे ते जर्मनीभर पोचले. पुढे एका किल्ल्यात लपून बसलेला असताना त्याने साधारण ११ आठवड्यांत बायबलचा 'नवा करार' बाजारात बोलल्या जाणाऱ्या जर्मनमध्ये आणला. देवाशी बोलायला मधला माणूस कशाला, हा त्याचा प्रश्न. (आपल्याकडे हा प्रश्न संतांनी त्याच्याही आधी विचारलाय, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच.) १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना गोव्यात सुरू झाला, तोही याच तंत्राचा.

मात्र ल्यूथरची पूजा मांडू नका. १५२५ मध्ये शेतकरी उठले, तेव्हा तो राजेलोकांच्या बाजूने उभा राहिला. १५४३ मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध इतकं विषारी पुस्तक लिहिलं, की चारशे वर्षांनी नाझींनी ते मिरवलं.

तुमच्या सॅलरी स्लिपमधला बिस्मार्क

सॅलरी स्लिप काढा. त्यात पीएफची कपात आहे ना? काहींच्या स्लिपमध्ये ईएसआयसुद्धा असेल. थोडे तुम्ही भरा, थोडे मालक भरेल आणि आजारपण किंवा म्हातारपण आलं की त्यातून मिळेल, ही आयडिया देशाच्या पातळीवर कायद्यात आणणारा पहिला माणूस म्हणजे ऑटो फॉन बिस्मार्क. १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये म्हातारपणाची पेन्शन. आपल्याकडे ईएसआयचा कायदा आला १९४८ मध्ये, पीएफचा १९५२ मध्ये.

गरिबांचा कैवारी वाटला? छे! बिस्मार्क पक्का जमीनदार. तीन लढाया करून त्याने विखुरलेली जर्मन राज्यं जोडली आणि १८७१ मध्ये, पराभूत फ्रान्सच्या व्हर्सायमधल्या आरसेमहालात, जर्मन सम्राटाची घोषणा करवली. मग त्याला भीती वाटायला लागली ती कामगारांची. १८७८ मध्ये त्याने समाजवाद्यांच्या संघटना, सभा, पेपर यांच्यावर बंदी आणली आणि पाठोपाठ हे विमे दिले. एका हातात छडी, दुसऱ्या हातात लाडू. पेन्शनचं वय ठेवलं ७०! इतकी वर्षं जगणारे कामगार तेव्हा होते कितीसे?

गंमत बघा. कामगारांनी लाडू खाल्ला आणि मत समाजवाद्यांनाच दिलं. १८९० च्या निवडणुकीत सगळ्यांत जास्त मतं त्यांना पडली, आणि त्याच वर्षी नव्या सम्राटाने बिस्मार्कला घरी बसवलं. त्याचे विमे टिकले, जगाने कॉपी केले. पण अजून एक सवय तो मागे ठेवून गेला : पार्लमेंटला फार किंमत द्यायची नाही, वर एक खमका माणूस असला की झालं. ही सवय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नवऱ्याला न सांगता गेलेली बर्था

ऑगस्ट १८८८. मानहाइम शहरात कार्ल बेन्झ झोपलेला. त्याने दोन वर्षांपूर्वी मोटारीचं पेटंट घेतलं होतं, पण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. त्याची बायको बर्था पहाटे उठली, दोन मुलांना घेतलं, ती तीनचाकी गाडी बाहेर काढली आणि माहेरी फॉर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. तोपर्यंत मोटारीने कुणी एवढा लांब गेलेलंच नव्हतं.

पेट्रोल पंप अर्थातच नव्हते. वाटेत तिने केमिस्टकडून डाग काढायचं लिग्रोइन विकत घेतलं आणि टाकीत ओतलं. इंधनाची नळी तुंबली, ती हॅटच्या पिनेने साफ केली. उघड्या पडलेल्या वायरला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेक झिजले, तर एका चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार केली.

ही लाँग ड्राइव्हची स्टोरी म्हणून भारी आहेच, पण बर्थाने त्याहून जास्त काहीतरी केलं. लग्नाआधीच तिने हुंड्याचे पैसे आगाऊ मागून कार्लच्या बुडत्या धंद्यात घातले होते. म्हणजे इन्व्हेस्टर तीच, टेस्ट ड्रायव्हर तीच आणि मार्केटिंग हेडही तीच. पेटंटवर नाव मात्र एकट्या कार्लचं. प्रेझेंटेशन तुम्ही बनवायचं आणि मीटिंगमध्ये नाव दुसऱ्याचं, हे ज्यांच्या वाट्याला आलंय, त्यांनी हिच्या नावाने एक कॉफी प्यायला हरकत नाही.

ताटातला आणि खंदकातला हाबर

आता एक कठीण केस. फ्रित्झ हाबर या केमिस्टने १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉश या इंजिनिअरने १९१३ मध्ये त्याचा कारखाना उभा केला. युरिया आला तो याच रस्त्याने. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं अन्न या खतावर पिकतं. आपल्या पोळी-भाजीतही हाबर आहे.

हाच हाबर पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या कामाचा प्रमुख झाला. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ क्लोरीनचे सिलिंडर उघडले गेले, तेव्हा तो जातीने तिथे होता. त्याची बायको क्लारा इमरवार स्वतः केमिस्ट्रीची डॉक्टरेट. मे महिन्याच्या दोन तारखेला तिने नवऱ्याच्या पिस्तुलाने स्वतःला संपवलं. तिने कारण लिहून ठेवल्याची चिठ्ठी नाही, त्यामुळे तिच्या तोंडी शब्द घालायला नकोत. लगेच तो दुसऱ्या आघाडीवर कामाला निघून गेला. युद्धानंतर त्याला अमोनियासाठी नोबेलही मिळालं.

हाबर जन्माने ज्यू. देशासाठी सगळं केलं, धर्मही बदलला. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू सहकाऱ्यांना काढायला सांगितलं, तेव्हा त्याने राजीनामा दिला आणि पुढच्या जानेवारीत परदेशात मेला. त्याच्याच इन्स्टिट्यूटमध्ये कीटकनाशक म्हणून झालेल्या संशोधनातून 'झिक्लॉन बी' आलं. तेच पुढे गॅस चेंबरमध्ये वापरलं गेलं. मेलेल्यांत त्याचे नातेवाईकही होते.

'मी फक्त टेक्निकल काम करतो, पुढे त्याचं काय होतं ते मॅनेजमेंट बघेल' असं आपण सगळेच कधी ना कधी म्हणतो. ते म्हणताना हा माणूस डोळ्यांसमोर असलेला बरा.

आता मिशीवाल्याचा हिशेब

पहिला गैरसमज : त्याला जनतेने प्रचंड बहुमताने निवडलं. नाही. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला ३३ टक्के मतं होती, आणि ती आधीपेक्षा कमी झालेली. ३० जानेवारी १९३३ ला म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला चॅन्सेलर नेमलं, कारण भोवतालच्या बड्या लोकांना वाटलं की याला आपण खिशात ठेवू. बिस्मार्कने लावलेली सवय आठवली?

दुसरा गैरसमज : रस्ते. कलोन ते बॉन हा मोटाररस्ता ऑगस्ट १९३२ मध्ये सुरू झाला. उद्घाटन केलं कलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी. हिटलर सत्तेत यायला तेव्हा पाच महिने बाकी होते.

तिसरा : नोकऱ्या दिल्या. बेकारीचा आकडा उतरला खरा, पण मंदी आधीच ओसरायला लागली होती. शिवाय ज्यूंना आणि बऱ्याच बायकांना कामावरून काढून यादीबाहेर टाकलं, आणि उरलेलं काम निघालं कर्ज काढून केलेल्या शस्त्रांच्या ऑर्डर्समधून. ते कर्ज फेडायचा प्लॅन एकच होता, शेजाऱ्यांना लुटणं. आणि २ मे १९३३ ला सगळ्या कामगार युनियन्सची ऑफिसं ताब्यात घेतली. ज्यांना वाटतं की असा बॉस हवा, त्यांनी आपण त्या चित्रात नक्की कुठल्या खुर्चीवर बसलोय, याचा विचार करावा.

बाकी रिझल्ट सगळ्यांना माहीत आहे. साठ लाख ज्यूंची कत्तल, त्यांच्यासोबत रोमा, अपंग, विरोधक, कोट्यवधींचं युद्ध, आणि १९४५ मध्ये खुद्द जर्मनीची राख. 'डिसिप्लिन' म्हणतात ते हेच असेल, तर आपला सिग्नल तोडणारा गणपतराव बरा!

'नाही' म्हणणारे

'पण तेव्हा कुणी काही करूच शकत नव्हतं' हा पुढचा डायलॉग. त्यावर दोन नावं.

गेऑर्ग एल्झर. सुतार. पक्ष नाही, गँग नाही, मागे कुणी नाही. १९३८ मध्येच त्याला दिसलं की हा माणूस युद्ध आणणार. म्युनिकच्या ज्या बिअर हॉलमध्ये हिटलर दर नोव्हेंबरला भाषण द्यायचा, तिथे तो रोज रात्री जेवायचा, बंद होताना लपायचा आणि गुडघ्यांवर बसून व्यासपीठामागचा खांब पोखरायचा. तीसहून जास्त रात्री. ८ नोव्हेंबर १९३९ ला बॉम्ब ठरल्या वेळी फुटला. पण धुक्यामुळे विमान रद्द, ट्रेन पकडायची म्हणून हिटलर १३ मिनिटं आधी निघून गेला होता. आठ माणसं मेली, त्यात एक वेट्रेस होती. ते ओझं या गोष्टीतून काढून टाकता येत नाही. एल्झरला युद्ध संपायच्या महिनाभर आधी, ९ एप्रिल १९४५ ला, डाखाउमध्ये गोळी घातली.

दुसरी सोफी शोल. टीनएजर असताना ती नाझींच्या मुलींच्या संघटनेत हौसेने गेली होती, हे मुद्दाम सांगते, कारण हिरॉइन जन्मतः हिरॉइन नसते. हळूहळू तिला प्रश्न पडत गेले. भाऊ हान्स आणि मित्रांच्या 'व्हाइट रोझ' गटासोबत ती पत्रकं वाटायला लागली. १८ फेब्रुवारी १९४३ ला म्युनिक युनिव्हर्सिटीत तिने पत्रकांचा गठ्ठा वरच्या मजल्यावरून खाली ढकलला. शिपायाने पाहिलं आणि पकडून दिलं. चार दिवसांत खटला, शिक्षा, आणि त्याच दुपारी गिलोटिन. तिघांना एकाच दिवशी मारलं. सोफीचं वय २१. आपण २१ व्या वर्षी काय करत होतो, हे मी विचारणार नाही. तुम्ही विचारा.

ऑफिसात बसून लढलेला बाउअर

युद्ध संपलं आणि नाझी गायब झाले. म्हणजे गेले कुठेच नाहीत. तेच लोक कोर्टात, पोलिसांत, सरकारी ऑफिसांत आरामात बसले. देशाचा मूड एकच : जाऊ दे ना, झालं ते झालं.

फ्रित्झ बाउअर हा सरकारी वकील या मूडमध्ये बसत नव्हता. तो ज्यू होता, समाजवादी होता, १९३३ मध्ये छळछावणीत राहून आलेला, मग डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये दिवस काढून १९४९ मध्ये परतलेला. १९५७ मध्ये त्याला कळलं की ज्यूंच्या हत्याकांडाची व्यवस्था पाहणारा आइशमन अर्जेंटिनात लपलाय. आपल्याच देशातल्या यंत्रणेला सांगितलं तर त्याला आधी टिप जाईल, हे ओळखून त्याने गुपचूप इस्रायलला कळवलं. १९६० मध्ये आइशमन पकडला गेला. बाउअरने स्वतः जिवंत असेपर्यंत याचं क्रेडिट घेतलं नाही.

आणि डिसेंबर १९६३ मध्ये त्याच्या ऑफिसने फ्रँकफुर्टला ऑशविट्झचा खटला उभा केला. दोनशेहून जास्त वाचलेल्या लोकांनी साक्ष दिली. पिंजऱ्यातले आरोपी कोण? औषधाचं दुकान चालवणारा, दाताचा डॉक्टर, व्यापारी. शेजारी राहणारी, सकाळी गुड मॉर्निंग म्हणणारी माणसं. शिक्षा काहींच्या फारच हलक्या होत्या. पण एका पिढीने पहिल्यांदाच घरी जाऊन बापाला विचारलं, 'तुम्ही तेव्हा काय करत होता?'

७ डिसेंबर १९७० ला चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सात ज्यूंच्या स्मारकासमोर गेला, फूल वाहिलं आणि अचानक गुडघ्यांवर बसला. खरं तर त्याने माफी मागायचं काही कारण नव्हतं. तो १९३३ मध्येच देश सोडून नाझींविरुद्ध उभा राहिला होता. तरीही बसला. तेव्हाच्या एका सर्व्हेत ४८ टक्के लोकांना ते 'जरा जास्तच' वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य. पुढच्या वर्षी त्याला शांततेचं नोबेल मिळालं. आज त्या जागेजवळ त्या प्रसंगाचंही स्मारक आहे.

आपल्याला खमका नेता हवा असतो ना? मला तरी गुडघ्यांवर बसलेला तो माणूस जास्त खमका वाटतो. सगळा देश 'जाऊ दे' म्हणत असताना बसायला दम लागतो.

तुमच्यापैकी बरेच जण ऑनसाइटला म्युनिकला जातात. बीएमडब्ल्यूचं म्युझियम बघा, बिअर प्या, फोटो काढा. मग तासभर काढून युनिव्हर्सिटीच्या मेन बिल्डिंगसमोरच्या चौकात जा. तिथे फरशीत काही कागद पडल्यासारखे दिसतील. उचलायला वाकाल, तर निघणार नाहीत. ती सोफी आणि तिच्या मित्रांची पत्रकं आहेत, जमिनीतच बसवलेली. लोक त्यांच्या बाजूने लेक्चरला जातात.

पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये कुणी म्हणालं की 'असाच एक पाहिजे', तर भांडू नका. फक्त शांतपणे म्हणा, 'असाच म्हणजे नक्की कोण? सुतार, की वकील?'